टर्बो, पाण्याची टाकी आणि विसरभोळे मालक

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो. "टर्बोच्या नादाला लागू नकोस, साधं इंजिन घे, वर्षानुवर्षं चालेल." साधं म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, आपली हवा आपणच ओढून घेणारं. टर्बोची ही बदनामी कुठून सुरू झाली? त्यासाठी आज मी तुम्हाला १९६२ सालच्या अमेरिकेत नेतोय.

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युचीची, पेटंट १९०५ सालचं. पण सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या कारपर्यंत पोचायला १९६२ उजाडलं.

त्या वर्षी जनरल मोटर्सच्या दोन ब्रँडनी टर्बोच्या गाड्या काढल्या. ओल्ड्समोबीलची जेटफायर आणि शेव्हर्लेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर. दोघांपुढे अडचण एकच होती, नॉकिंग. दाबलेली हवा तापते, मग पेट्रोल नको त्या वेळी आपोआप पेटतं आणि पिस्टनवर घाव बसतात.

शेव्हर्लेने मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी केलं. थोडी ताकद सोडली, काम भागलं. ओल्ड्समोबीलला मात्र सगळंच हवं होतं. त्यांनी कॉम्प्रेशन १०.२५ इतकं चढं ठेवलं आणि इंजिन थंड ठेवायला डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारलं. नाव काय दिलं? टर्बो रॉकेट फ्लुइड! साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ हॉर्सपॉवर. त्या काळी ही मोठीच गोष्ट.

फक्त एक होतं. त्या मिश्रणाची टाकी मालकाने आठवणीने भरायची. लोकं विसरायची. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच टर्बोचा जोर कमी करायची, आणि मालक म्हणायचे, गाडी बिघडली! दोन वर्षांत जेटफायर बंद झाली. १९६५ मध्ये तर कंपनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देऊ लागली. तिकडे कॉर्व्हेअरचा टर्बो १९६६ पर्यंत विकला गेला.

मला यातून एक गोष्ट दिसते. टर्बो टिकेल की नाही, हे तो मालकाकडून किती आठवणीची कामं मागतो यावर ठरतं.

पुढचा इतिहासही तेच सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑईलच्या पातळ थरावर. गाडी दामटून आणली आणि लगेच बंद केली, की ऑईल तिथेच थांबतं आणि जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून जुन्या टर्बो गाड्या बंद करण्याआधी जरा वेळ आयडलवर ठेवायला सांगायचे. पुढे बेअरिंगभोवती पाणी खेळवलं, सिंथेटिक ऑईल आलं. १९८० च्या दशकात स्वीडनच्या साबने नॉकिंग ओळखणारा सेन्सर लावला आणि तोच टर्बोचा दाब कमी करू लागला. माणसाची कामं मशीनने उचलली.

डिझेलचं तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यात नुसती हवाच दाबली जाते, पेट्रोलसारख्या नॉकिंगची भीती नाही आणि धूरही तुलनेने कमी तापतो. हायवेवर दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेल्या डिझेल टॅक्सी दिसतात ना? त्यांना टर्बो असतोच.

मग साध्या इंजिनाचं काहीच खरं नाही का? आहे ना! भाग कमी, उष्णता कमी, आणि मुख्य म्हणजे ते आळशी मालकाला जास्त माफ करतं. टर्बोमध्ये एक काम आजही आपल्याकडेच उरलंय: चांगलं ऑईल, वेळेवर.

म्हणून जुनी टर्बो गाडी बघायला जाल, तेव्हा किती पळाली हे नंतर विचारा. आधी सर्व्हिसची बिलं मागा आणि ऑईल कधी-कधी बदललं ते बघा. बिलंच नसतील, तर साधं इंजिन बरं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!