समानुभवी आधारकार्य (पुणे)
व्यसनातून किंवा मानसिक आजारातून सावरलेल्या व्यक्तीने त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला दिलेली साथ.

पुण्यात या कामाला भक्कम रूप दिले ते येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. इथले अनेक कार्यकर्ते एकेकाळी इथेच उपचार घेत होते. थापा, सबबी, पुन्हा पिण्याची ओढ हे सारे त्यांनी भोगलेले. म्हणून डॉक्टरांपासून लपवलेले नवा रुग्ण त्यांच्यापाशी बोलून जातो. औषधे मात्र डॉक्टरच ठरवतात. रुग्णांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गटही तितकाच मोलाचा.

स्किझोफ्रेनियासाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सा’ ही संस्था स्वमदत गट चालवते.