कंपनी बंद पडली, सिस्टीम मात्र टिकली
मोबाईलमधल्या अँड्रॉइडचा मूळ कोड गुगल सगळ्यांसाठी खुला करते. कुणीही तो फुकट घ्यावा, बदलावा. पण पुढचं अँड्रॉइड कसं असेल, हे गुगलच ठरवते.

हाच कोड घेऊन स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये ‘सायनोजेनमॉड’ सुरू केलं. जगभरचे हौशी प्रोग्रामर त्यावर बिनपगारी राबले. कंपन्यांनी अपडेट बंद केलेले कितीतरी जुने फोन त्यामुळं पुन्हा कामाला लागले.

२०१३ मध्ये त्यातूनच सायनोजेन नावाची कंपनी निघाली. भांडवल आलं. आपल्याकडं मायक्रोमॅक्सच्या ‘यू युरेका’मध्येही हिचीच सिस्टीम होती. पण धंद्याचं गणित काही जमलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, वर्षअखेरीस सेवा बंद करत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. नाव कंपनीचं, कोड मात्र सगळ्यांचा! प्रोग्रामरनी तोच कोड उचलून ‘लिनिएज ओएस’ उभं केलं. ते आजही चालू आहे.

मात्र ते प्रत्येक फोनवर चालत नाही. आधी आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, ते बघावं. टाकताना फोनमधले फोटो, नंबर सगळं पुसलं जातं. काही बँकांची ॲपही मग चालत नाहीत. घरातले पैशाचे व्यवहार ज्या एकाच फोनवर होतात, त्यावर हा प्रयोग नको.