ड्रायव्हर आणि स्टब : चाकण पट्ट्यापर्यंतचा प्रवास

सॉफ्टवेअरचा एक भाग लिहून झाला आहे, पण त्याला हाक देणारा वरचा भाग अजून अपुरा आहे आणि त्याला माहिती पुरवणारा खालचा भागही तयार नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना तात्पुरता कोड बसवून चाचणी घेतात. वरून हाक देणारा आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा तो ड्रायव्हर. खालून ठरलेले उत्तर देणारा तो स्टब.

ही गरज मोठ्या प्रोग्रॅममधून आली. १९७० च्या सुमारास आयबीएमचे हार्लन मिल्स यांनी वरून खाली बांधणीचा आग्रह धरला : आधी सांगाडा, खालच्या जागांवर स्टब, मग एकेक स्टब काढून तिथे खरा भाग. ग्लेनफोर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकात ड्रायव्हर आणि स्टब दोन्ही मांडलेले आहेत. मोठा बदल मात्र १९९० च्या दशकातला. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची चौकट तयार केली आणि १९९७ मध्ये एरिक गॅमा यांच्यासह जावा भाषेसाठी तशीच चौकट, जेयुनिट, लिहिली. निकाल डोळ्यांनी तपासण्याचे काम संपले. कोड बदलला की सगळ्या चाचण्या पुन्हा आपोआप चालवता येऊ लागल्या.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हे तंत्र वाहनांच्या मार्गाने पोहोचले. खरे तर त्यामागची कल्पना वाहनउद्योगाला नवी नव्हती. इंजिन गाडीत बसवण्याआधी टेस्ट बेडवर डायनॅमोमीटरला जोडतात, तेव्हा चढ आणि ओझे यांची जागा डायनॅमोमीटरच घेत असतो. पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून आहे. १९८१ मध्ये टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र आणि १९९० मध्ये पुढे वाहन-सॉफ्टवेअरकडे वळलेली केपीआयटी ही कंपनी सुरू झाली. चाकणला बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा यांचे कारखाने उभे राहिले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही उत्सर्जनाची मानके लागू झाली आणि दुचाकींतही कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली. इंजेक्शन आले म्हणजे ईसीयू, इंजिनचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, आला आणि ईसीयूबरोबर सॉफ्टवेअर. त्यातही ईसीयू एका पुरवठादाराचा, सेन्सर दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची. सगळे एका दिवशी हाती येत नाही, म्हणून इथे स्टबवाचून काम पुढे सरकत नाही.

इंधनाचे प्रमाण ठरवणारे एक फंक्शन घ्या. इंजिनचे तापमान ते सेन्सर वाचणाऱ्या दुसऱ्या फंक्शनकडून घेते. चाचणीत त्या जागी स्टब बसतो आणि ९० अंश सांगतो. ड्रायव्हर वेगवेगळे आरपीएम देऊन उत्तरे तपासतो. मग स्टब उणे २० सांगतो, पुढे सेन्सरची वायर तुटल्याचा संकेत देतो. त्या वेळी सॉफ्टवेअरने सुरक्षित ठराविक तापमान धरून इंजिन चालू ठेवले पाहिजे. खऱ्या गाडीवर यासाठी शीतगृह लागेल आणि वायर कापावी लागेल. इथे एक ओळ बदलली की झाले.

धोकाही याच सोयीत आहे. स्टब त्याला शिकवले तेवढेच सांगतो, तेही लगेच. खरा सेन्सर उशिरा किंवा चुकीचे सांगू शकतो. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याची दिशादर्शक यंत्रणा एरियान-४ वरून आणलेली होती. नव्या अग्निबाणाच्या वेगामुळे एक मोठी संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. एकत्रित चाचण्यांत या यंत्रणेच्या जागी तिची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बसवलेले होते. जो भाग बिघडणार होता, तोच चाचणीत नव्हता.

वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच स्टब टप्प्याटप्प्याने काढतात. २०११ च्या आयएसओ २६२६२ या सुरक्षा-मानकात सुट्या भागांची आणि जोडलेल्या भागांची चाचणी वेगवेगळी मांडली आहे. त्यापुढे एचआयएल (हार्डवेअर-इन-द-लूप) बेंच येतो : ईसीयू खरा, पण त्याच्याभोवतालची गाडी संगणकात चालणारी. कार आणि दुचाकींच्या उत्सर्जनाची मान्यता मात्र खरी गाडी चेसिस डायनॅमोमीटरवर चालवून, तिचा धूर मोजूनच दिली जाते.