नहपानाच्या नाण्यावरील मुख कोणाचे?

खातेगांवाहून दक्षिणेस नेमावरास उतरले की सिद्धेश्वराचे प्राचीन देवालय व नर्मदेचे विशाल पात्र दृष्टीस पडते. माळवा आणि दक्षिणापथ यांच्या सीमेवरील हा प्रदेश. या दोन भूभागांच्या स्वामित्वासाठी क्षत्रप व सातवाहन यांच्यात झालेल्या झगड्याची साक्ष लहानशा रौप्य नाण्यांनी जपून ठेवली आहे. त्या नाण्यांवरील एका वादाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

सन १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा ठेवा सापडला. नाण्याच्या एका अंगास राजाचे मुख व ग्रीक अक्षरांतील लेख. दुसऱ्या अंगास बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत नहपानाचे नाव. रेव्हरंड स्कॉट यांनी ही नाणी ताडून पाहिली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट आढळली. एक मुख तरुणाचे, तर दुसरे वृद्धाचे. नाकाची व गालांची ठेवणही निराळी. नाव मात्र सर्वत्र एकच! घराण्यातील निरनिराळ्या पुरुषांनी नहपानाचे नाव राखून आपापली मुखे छापली असावीत, असा तर्क स्कॉट यांनी केला. उलटपक्षी, ही मुखे प्रत्यक्ष राजाची नसून रोमन वा यवन नाण्यांवरून उतरविलेली असावीत, असेही मत मांडले गेले.

आम्हांस दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण, नहपानासह नाणी पाडणाऱ्या अशा आप्तांची नावे शिलालेखांत नाहीत. शिवाय नाण्यावरील ग्रीक अक्षरांत ग्रीक भाषा नाही. प्राकृत शब्दच तेथे लिहिलेले आहेत. जेथे अक्षरे परक्यांची उसनी घेतली, तेथे मुखही उसने घेतले असल्यास नवल कोणते?

यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला. त्यात मुख नाही. तीन कमानींचा पर्वत आणि ‘उज्जयिनी चिन्ह’ आहे. क्षहरातांचा उच्छेद करणारा व अवंतीचा स्वामी, असा त्याचा गौरव नाशिकच्या लेण्यात त्याच्या मातेच्या, गौतमी बलश्रीच्या, लेखात आहे. पुढे मात्र सातवाहनांनीच, पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांच्या काळी, रौप्य नाण्यांवर आपली मुखे कोरविली. जित्याची रीत जेत्याच्या घरी नांदू लागली!

हा वाद करता आला तो हजारो नाणी एकत्र पाहावयास मिळाली म्हणून. सुटे एक नाणे पाहून कोणासही शंका आली नसती. आपल्या देवस्थानांच्या भांडारांतही भाविकांनी अर्पिलेली जुनी नाणी असतात. पालखीच्या वा प्रभावळीच्या रुप्यासाठी ती मुशीत घालण्यापूर्वी जाणत्यांस दाखवावीत, त्यांची नोंद ठेवावी, एवढीच आमची विनंती. देवापुढे ठेविलेले द्रव्य देवाचे. पण त्यावरील इतिहास आपणा सर्वांचा आहे.