टॉर्पेडो फुटत का नाही?

पॅसिफिकमधलं युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेली रीळ सुरू होते. पर्ल हार्बर (आणि त्याच नावाचा तो लांबलचक सिनेमा), मिडवे, इवो जिमावर झेंडा रोवणारे सैनिक आणि शेवटी हिरोशिमा. या रिळात पाणबुड्या जवळजवळ नसतातच. खरं तर जपानची जी व्यापारी जहाजं बुडाली, त्यातली टनेजच्या हिशोबाने निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवली. आणि या पाणबुडी दलात अमेरिकन नौदलाची दोन टक्केसुद्धा माणसं नव्हती!

बेटांवरच्या लढाईत जहाजाला फार महत्त्व. तांदूळ, काडतुसं, क्विनाइन, पेट्रोल, सगळं जहाजानेच यायचं. जहाज बुडालं की पुढच्या बेटावरची पलटण आपोआप उपाशी. ग्वाडलकनालवर जपान्यांचे जितके सैनिक गोळीने मेले, त्याहून जास्त उपासमारीने आणि रोगाने मेले. जपानी भाषेत त्या बेटाच्या नावावर 'भुकेचं बेट' अशी कोटीच होऊन बसली.

मग प्रश्न असा पडतो की इतकं जालीम हत्यार हाताशी असताना अमेरिकन पाणबुड्यांनी १९४२ मध्ये फारसं काही का केलं नाही? याचं उत्तर अगदी सरळ आहे. टॉर्पेडो फुटत नव्हते. युद्धाची पहिली जवळपास पावणेदोन वर्षं! मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे सगळं वाचताना मला युद्धाचा इतिहास कमी आणि बग रिपोर्टांची थप्पी जास्त वाचतोय असं वाटत होतं.

तर नायक (की खलनायक?) म्हणजे मार्क १४ टॉर्पेडो. साडेवीस फूट लांब, दीड टनाच्या आसपास वजन, वेग ४६ नॉट. ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टच्या नौदल कारखान्यात तो जन्मला. एका नगाची किंमत सुमारे १०,००० डॉलर, तीही १९३० च्या दशकातली, मंदीच्या काळातली. इतकी महागडी वस्तू चाचणीसाठी फोडायची कशी? म्हणून ती कधी फोडलीच नाही. खरी दारू भरलेला मार्क १४ खऱ्या जहाजावर सोडून बघणं हे युद्धाआधी एकदाही झालं नाही. एकदा नौदलाने निकामी झालेली एक जुनी विनाशिका चाचणीसाठी देऊ केली होती, पण अटी काय? तर खरी दारू वापरायची नाही, आणि चुकून ती बुडालीच तर वर काढायचा खर्च तुमचा. बजेट मीटिंगला बसलेल्या कोणालाही ही भाषा ओळखीची वाटेल :-)

या टॉर्पेडोतली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे मार्क ६ नावाचा चुंबकीय स्फोटक. कल्पना खरंच सुंदर होती. जहाजाच्या कुशीला भोक पाडण्यापेक्षा त्याच्या पोटाखाली स्फोट केला तर जहाजाचा कणाच मोडतो. लोखंडी जहाजामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो, तो ओळखायचा आणि बरोबर खालून जाताना फुटायचं. या प्रकारच्या स्फोटकाची खऱ्या लक्ष्यावर चाचणी झाली ती १९२६ मध्ये, एका जुन्या पाणबुडीवर. दोन वार. पहिला नुसताच खालून निघून गेला, दुसरा फुटला. दोनातला एक पास, म्हणजे प्रॉडक्ट तयार! गुप्तता तर इतकी की याचं मॅन्युअल लिहिलं, पण छापलं नाही. तिजोरीत ठेवून दिलं. ज्यांनी वापरायचं त्या पाणबुड्यांवरच्या लोकांना युद्ध सुरू होईपर्यंत या यंत्राची धड ओळखही नव्हती.

डिसेंबर १९४१. जपानी फौजा फिलिपिन्सवर उतरत होत्या आणि मनिलाला अमेरिकेच्या २९ पाणबुड्या होत्या. त्यातच १० तारखेला जपानी विमानांनी तिथल्या कविते तळावर बॉम्ब टाकले आणि २३३ टॉर्पेडो जागच्या जागी गेले. उरलेले घेऊन पाणबुड्या निघाल्या. 'सार्गो'चा कप्तान टायरेल जेकब्स याने सहा हल्ल्यांत तेरा टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही. मध्ये त्याने वैतागून चुंबकीय स्फोटक बंद केला, तरी तेच. शेवटी सगळी गणितं पुन्हा पुन्हा तपासून त्याने एका संथ टँकरवर वार केला. तोही फुकट. शत्रूच्या पाण्यात पाणबुडीने रेडिओवर तोंड उघडायचं नसतं, पण हा माणूस इतका भडकला की त्याने ते मौन मोडून टॉर्पेडोंबद्दल तक्रार पाठवली. परत आल्यावर तज्ज्ञाने तपासणी केली आणि पाणबुडीवरच्या लोकांच्याच देखभालीत खोट काढली.

म्हणजे यूजर एरर.

वॉशिंग्टनच्या 'ब्यूरो ऑफ ऑर्डनन्स'चं, म्हणजे शस्त्रास्त्र खात्याचं, म्हणणं शेवटपर्यंत हेच होतं. टॉर्पेडो उत्तम आहे, कप्तानांना नेम धरता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं! आणि कप्तानांची अवस्था विचारू नका. वार फुकट गेला तरी टॉर्पेडोचा पांढरा माग पाण्यावर दिसायचाच, मग जपानी विनाशिका त्या मागावरून येऊन तासन्‌तास डेप्थ चार्ज टाकायच्या. ऐंशी माणसं बंद डब्यात घाम गाळत बसलेली, दिवे फुटतायत, आणि एवढं सोसून परत आल्यावर वरिष्ठ म्हणणार, तुझा नेम चुकला. कित्येकांचं स्वतःवरचा विश्वास गमावून बसणं साहजिक होतं. काहींची कमांड गेली.

४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत 'नॉटिलस'ने जळत असलेल्या 'कागा' या विमानवाहू जहाजावर टॉर्पेडो मारला. तो लागला, पण फुटला नाही. आदळून त्याचे दोन तुकडे झाले. मागचा तुकडा, म्हणजे हवेची टाकी, पाण्यावर तरंगत राहिला आणि 'कागा'वरून उड्या मारलेल्या जपानी खलाशांनी त्याला धरून जीव वाचवला.

आता या सगळ्याची उकल कशी झाली ते बघा, कारण खरी मजा तिथे आहे. ऑस्ट्रेलियात पर्थकडच्या पाणबुड्यांवर १९४२ मध्ये चार्ल्स लॉकवुड हा अधिकारी नेमला गेला. त्याने काय करावं? कोळ्यांचं एक जाळं विकत घेतलं. आल्बनीजवळच्या फ्रेंचमन्स बेमध्ये ते पाण्यात उभं टांगलं आणि 'स्किपजॅक' पाणबुडीतून त्यावर टॉर्पेडो सोडले. १० फूट खोलीवर लावलेल्या पहिल्या टॉर्पेडोने जाळं फाडलं ते २५ फुटांवर! आणखी काही वार करून निष्कर्ष निघाला, टॉर्पेडो सरासरी ११ फूट जास्त खोल जातायत. ब्यूरोचं उत्तर आलं की तुमची चाचणीच नीट नव्हती. लॉकवुडने पुन्हा जाळं टांगलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. शेवटी नौदलप्रमुख किंगने कान पिळल्यावर १ ऑगस्ट १९४२ ला ब्यूरोने मान्य केलं. तोवर लढाईत आठशेहून जास्त टॉर्पेडो सोडून झाले होते.

न्यूपोर्टला हे का दिसलं नाही? टॉर्पेडो आपली खोली पाण्याच्या दाबावरून ओळखतो. दाब मोजायची जागा शेपटाकडे होती, आणि वेगात जाताना तिथे दाब कमी भरतो. त्यामुळे टॉर्पेडोला वाटायचं आपण वरच आहोत, आणि तो आणखी खाली जायचा. शिवाय चाचणीचं डोकं खऱ्या डोक्यापेक्षा हलकं. आणि कहर म्हणजे खोली नोंदवणारं यंत्रही त्याच चुकीच्या जागी बसवलेलं! टेस्ट आणि कोड दोन्हींत एकच चूक, मग रिपोर्ट कायम हिरवाच.

(या 'स्किपजॅक'चा कप्तान जेम्स को. टॉयलेट पेपरच्या १५० गुंडाळ्यांची त्याची मागणी जवळजवळ वर्षभराने 'वस्तू ओळखता येत नाही' असा शेरा मारून परत आली, तेव्हा त्याने ११ जून १९४२ ला वस्तूचा नमुना जोडून जे पत्र लिहिलं, ते आजही नौदलात चवीने वाचलं जातं. टॉर्पेडोच्या तक्रारीही याच सरकारी यंत्रणेतून वर जात होत्या हे लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी को 'सिस्को' पाणबुडीबरोबर गेला.)

बरं, खोली सुधारली. मग सगळं सुरळीत झालं? छे. आता टॉर्पेडो लक्ष्यापर्यंत पोचायच्या आधीच फुटायला लागले. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र न्यूपोर्टला एक आणि विषुववृत्ताजवळ वेगळं, त्यामुळे चुंबकीय स्फोटकाचा अंदाज कोलमडायचा. आधी टॉर्पेडो इतके खोल जात होते की हा दोष उघडा पडायला वावच नव्हता. १९४३ च्या सुरुवातीला लॉकवुड पर्ल हार्बरला आला. वॉशिंग्टनमध्ये त्याने ऐकवलं की फुटणारे टॉर्पेडो देता येत नसतील तर निदान शत्रूच्या जहाजाचे पत्रे उचकटायला एक लांब आकडा तरी बनवून द्या. २४ जून १९४३ ला निमित्झने चुंबकीय स्फोटक बंद करायचा हुकूम काढला. ऑस्ट्रेलियात मात्र राल्फ ख्रिस्टी हा अधिकारी तो पुढेही काही महिने वापरायला लावत होता. त्याने स्वतः या स्फोटकाच्या विकासात काम केलं होतं. आपल्या कोडवरचं प्रेम, दुसरं काय!

आणि आता तिसरा थर. २४ जुलै १९४३, ट्रुक बेटांच्या पश्चिमेला 'टिनोसा' पाणबुडीला 'तोनान मारू ३' सापडलं. १९,००० टनांचं अवाढव्य जहाज, मूळचं देवमासे पकडणारं, आता तेलवाहू झालेलं. कप्तान डॅन डॅस्पिटने आधी ते थांबवलं. मग, जहाज जागेवर उभं, सोबतीला कोणी नाही, असं असताना अगदी पुस्तकात दिल्यासारखा काटकोन साधून एकेक टॉर्पेडो सोडला. आदळल्याचा आवाज यायचा, पाणी उडायचं, स्फोट नाही. एकूण पंधरा सोडले, त्यातले अकरा आदळून फुटले नाहीत. शेवटचा त्याने सोडलाच नाही. पुरावा म्हणून परत आणला. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. (ते जहाज पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रुकला विमानांनी बुडवलं. १९५१ मध्ये ते वर काढलं आणि पुन्हा देवमाशांच्या शिकारीला लागलं!)

मग हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून बघितले. पहिले दोन फुटले, तिसरा नाही. तो जिवंत टॉर्पेडो पाणबुड्यांनी नाही तर माणसांनी पाण्यात उतरून बाहेर काढला आणि उघडला. दोष फायरिंग पिनमध्ये निघाला. आदळण्याच्या धक्क्याने पिन आपल्या खोबणीत अडकायची आणि दारूपर्यंत जोरात पोचायचीच नाही. ही रचना जुन्या, संथ टॉर्पेडोंसाठी ठीक होती. ४६ नॉटच्या धक्क्याला टिकली नाही. मग क्रेनने ९० फुटांवरून नकली डोकी पोलादी पत्र्यावर टाकून मोजलं. सरळ काटकोनात दहापैकी सात निकामी. तिरकी टाकली की निम्मी वाचायची. म्हणजे जो कप्तान जास्त अचूक, त्याचा टॉर्पेडो न फुटण्याची शक्यता जास्त! पर्ल हार्बरच्या वर्कशॉपमध्ये हलक्या धातूच्या पिना बनवल्या, आणि सप्टेंबर १९४३ च्या शेवटी सुधारलेले टॉर्पेडो घेऊन पाणबुड्या निघाल्या.

जपान्यांनी याच काळात आपला ऑक्सिजनवर चालणारा टाइप ९३ टॉर्पेडो खऱ्या दारूनिशी फोडून फोडून पारखला होता. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तासाफारोंगाला जपानच्या आठ विनाशिकांनी चार अमेरिकन क्रूझर फोडल्या, एक बुडवली. त्या रात्री त्या विनाशिका आल्या होत्या ग्वाडलकनालला धान्याचे पिंप पोचवायला.

इथपर्यंत वाचताना मीही नकळत 'बग फिक्स झाला एकदाचा!' म्हणून खूश होत होतो. मग 'वाहू' पाणबुडीची नोंद वाचली. टॉर्पेडो दर वेळी दगा द्यायचे असं नाही. २६ जानेवारी १९४३ ला न्यू गिनीच्या उत्तरेला 'वाहू'चे टॉर्पेडो 'बुयो मारू'ला लागले, फुटले आणि जहाज बुडालं. कप्तान मॉर्टनने पाणबुडी वर आणून पाण्यातल्या होड्यांवर गोळीबार केला. त्याच्या समजुतीप्रमाणे ते सगळे जपानी सैनिक होते. जहाजावर होते ११२६ जण, आणि त्यातले ४९१ भारतीय होते. सिंगापूर पडल्यावर कैद झालेले, १६ व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे जवान. त्या दिवशी १९५ भारतीय आणि ८७ जपानी मेले. मॉर्टनचा पर्ल हार्बरला वीर म्हणून सत्कार झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉर्टन जपानच्या समुद्रात शिरला. तिथे त्याचे दहाच्या दहा टॉर्पेडो वाया गेले, आणि तो संतापून गस्त अर्धवट टाकून परत आला. सप्टेंबरमध्ये नवे टॉर्पेडो घेऊन पुन्हा तिथेच गेला. ११ ऑक्टोबर १९४३ ला ला पेरूज सामुद्रधुनीत जपानी विमानांनी आणि जहाजांनी 'वाहू'ला गाठलं. कोणीही वाचलं नाही. तिचे अवशेष २००६ मध्ये सापडले.