श्रीरामपूरची बॅप्टिस्ट मंडळी : प्रकट सहभोजन आणि सभासदत्वाची सीमा

बंगालमध्ये हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले श्रीरामपूर मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील छापखान्यामुळे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली याच ठिकाणी छापला गेला. या कामी त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य लाभले, हेही सर्वश्रुत आहे. परंतु ज्या मिशनरी कुटुंबाने हा छापखाना चालविला त्यानेच तेथे एक स्थानिक बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली होती, आणि तिचा इतिहास मात्र मुद्रणाच्या इतिहासाआड झाकला गेला आहे. वस्तुतः सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही लहानशी मंडळी छापखान्याइतकीच विचारार्ह आहे. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणी कोणाशी विवाह करावा आणि कोणाचे प्रेत कोणी उचलावे, या प्रश्नांची उत्तरे तिला प्रत्यक्ष आचरणाने द्यावी लागली.

बॅप्टिस्ट पंथाच्या व्यवस्थेत 'मंडळी' या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. जन्माने कोणीही तिचा सभासद होत नाही. समजत्या वयात स्वतःच्या श्रद्धेची सर्वांसमक्ष कबुली देऊन, पाण्यात पूर्णपणे बुडून बाप्तिस्मा घेणारी व्यक्तीच सभासद होते. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक व सेवक स्वतः निवडते, नवा सभासद स्वीकारते आणि प्रसंगी सभासदास दूरही करते. अर्थात ही संस्था जन्मावर नव्हे, स्वेच्छेच्या करारावर उभी असते. जन्मावर आधारलेल्या समाजरचनेत अशी संस्था रुजू लागली, तेव्हा संघर्ष अटळच होता.

केरी नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. १७९५ साली उत्तर बंगालमधील मुदनाबाटी येथे त्यांनी एक मंडळी स्थापिली खरी, परंतु तीत मूठभर युरोपियनच होते. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांस परवानगी देण्यास नाखूष होती. म्हणून ऑक्टोबर १७९९ मध्ये आलेले जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड व त्यांचे सहकारी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरात उतरले, आणि जानेवारी १८०० मध्ये केरीही त्यांना येऊन मिळाले. डॅनिश गव्हर्नर कर्नल बी यांनी त्यांना आश्रय दिला. एकत्र राहणी, एकत्र भोजन आणि एकच तिजोरी हा या कुटुंबाचा नियम होता. १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना मिळू लागलेले दरमहा ५०० रुपयांचे वेतनही या सामाईक तिजोरीतच जाई. १८०० सालच्या एप्रिलमध्ये येथे रीतसर मंडळी स्थापन झाली व केरी तिचे पाळक झाले. तथापि त्या वेळी तीत एकही बंगाली सभासद नव्हता.

पहिला सभासद मिळाला तो एका अपघाताच्या निमित्ताने. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात सांध्यातून निखळला, आणि केरींचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांनी तो बसविला. या परिचयातून कृष्ण पाल मिशनच्या घरी येऊ लागले. त्यांची पूर्वपीठिका महत्त्वाची आहे. ते घोषपाड्याच्या कर्ताभजा पंथाचे अनुयायी होते. त्या पंथाच्या मेळाव्यांत जातिभेद बाजूस ठेवला जाई, परंतु बाहेरच्या व्यवहारात अनुयायी आपापली जात पाळीत. म्हणजे जातिभेदातीत उपासनेची कल्पना कृष्ण पाल यांना नवी नव्हती. ती श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीच प्रथम दिली असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. नवी होती ती तिची प्रकटता.

२२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल आणि त्यांचे मित्र गोकुळ यांनी मिशनऱ्यांबरोबर उघडपणे भोजन केले. वार्ता पसरताच मोठा जमाव जमला व कृष्ण पाल यांना डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेण्यात आले. त्यांच्यावर कायद्याने कोणताच गुन्हा लागू होत नसल्याने त्यांची सुटका झाली. बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला तेव्हा गोकुळ व इतर मंडळी कचरली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पात्रात कृष्ण पाल एकटेच उतरले. त्यांच्याबरोबर केरींचे ज्येष्ठ पुत्र फेलिक्स यांचाही बाप्तिस्मा झाला. एका बाजूस पाळकाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूस सुतार, असे हे दोघे एकाच अटीवर सभासद झाले. गोकुळ पुढे मंडळीत आले. कृष्ण पाल यांच्या घरातील स्त्रियाही आल्या, आणि त्यांची मेहुणी जयमणी ही बाप्तिस्मा घेणारी पहिली बंगाली स्त्री ठरली.

खरी कसोटी वरच्या जातीचे लोक मंडळीत येऊ लागले तेव्हा लागली. १८०२ च्या आरंभी पितांबर सिंह हे कायस्थ, आणि १८०३ साली कृष्णप्रसाद हे ब्राह्मण सभासद झाले. दक्षिणेत तरंगमबाडी येथे १७०६ पासून कार्य करणाऱ्या लुथरन मिशनने आपल्या मंडळ्यांत जातवार बैठक चालू दिली होती. वरच्या जातीच्या लोकांनी प्रभुभोजन आधी घ्यावे व अस्पृश्य गणलेल्यांनी मागाहून, अशी तेथील रीत. श्रीरामपूरच्या मंडळीसमोर ही तयार वाट होती, परंतु तिने ती नाकारली. शूद्र कृष्ण पाल यांच्या हातून आलेला प्याला ब्राह्मण कृष्णप्रसाद यांनी ओठांस लावावा, हेच तेथे सभासदत्वाचे प्रमाण ठरले.

१८०३ सालच्या एप्रिलमध्ये याच कृष्णप्रसादांचा विवाह कृष्ण पाल यांच्या कन्येशी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोकुळ निवर्तले. श्रीरामपुरात ख्रिस्ती प्रेते वाहण्याचे काम तोवर मोल देऊन दुसऱ्यांकडून करून घेतले जाई, कारण प्रेतास खांदा देणे हा जातीचा प्रश्न होता. गोकुळांच्या शवपेटिकेस मात्र चौघांनी खांदा दिला : मार्शमन, फेलिक्स केरी, ब्राह्मण कुळातील भैरव आणि मुसलमान कुळातील पीरू. मंडळीने जातीविषयी लिहिलेल्या कोणत्याही ठरावापेक्षा हे दृश्य गावास अधिक स्पष्ट कळले असले पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मंडळीने सरसकट सर्वच जुन्या खुणा पुसावयास लावल्या नाहीत. कृष्ण, पितांबर, भैरव ही देवतावाचक नावे तशीच राहिली. नवकरारातील पहिल्या ख्रिस्ती लोकांचीही नावे ग्रीक देवतांवरून आलेली होती, हा आधार त्यासाठी दिला गेला. पंक्तिभेदाविषयी कठोर आणि नावाविषयी उदार, अशी ही भूमिका होती. नावाने कोणी दूर होत नाही, पंक्तीने होतो, हे तिच्या प्रवर्तकांनी ओळखले होते.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे परमहंस सभेची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या त्या सभेतही सभासद सहभोजन करीत आणि पाव खाऊन जातिबंधन झुगारीत, परंतु ते गुप्तपणे. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेल्यावर ती सभा विस्कटली. दोन्ही संस्थांची परिस्थिती भिन्न होती, हे खरे. परमहंस सभेचे सभासद आपल्या कुटुंबातच राहून सुधारणा करू पाहत होते, तर श्रीरामपूरच्या सभासदांनी घर सोडण्याची किंमत आधीच मोजली होती. तरीही तुलना बोधक आहे. एका संस्थेला यादी उघड होण्याचे भय होते, तर दुसऱ्या संस्थेत उघड झाल्यावाचून यादीत नावच येत नव्हते.

या प्रकटतेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जात गमावलेल्या सभासदाचे उपजीविकेचे साधनही अनेकदा जाई, आणि मग मिशनवर त्याचे परावलंबन वाढे. ऑक्टोबर १८०५ मध्ये मिशनरी बंधूंनी जो करारनामा स्वीकारला, त्यात देशी मंडळ्यांचे पाळकत्व देशी माणसांकडे सोपवावे असे तत्त्व होते, आणि हा करारनामा वर्षातून तीनदा वाचावयाचा होता. कृष्ण पाल यांनी पुढे उपदेशक म्हणून दूरदूर प्रवास केला. २२ ऑगस्ट १८२२ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. तरीही श्रीरामपुरात तिजोरी व अंतिम निर्णय युरोपियनांच्याच हाती राहिले. या मंडळीविषयीची साधने, म्हणजे वॉर्ड यांची दैनंदिनी, केरींची पत्रे, सोसायटीची प्रसिद्ध वृत्ते, हीदेखील त्यांच्याच लेखणीची आहेत. कृष्ण पाल यांचा शब्द आपणांस बहुशः मिशनऱ्यांच्या शब्दांतूनच ऐकू येतो.

प्रभुभोजनाच्या मेजाविषयीही असाच विरोधाभास दिसतो. १८०५ साली वॉर्ड यांच्या आग्रहाने बालबाप्तिस्मा मानणाऱ्या अन्य ख्रिस्ती पंथीयांस हे मेज खुले करण्यात आले. परंतु १८११ मध्ये इंग्लंडमधील धुरीणांच्या मताचा प्रभाव पडून ते पुन्हा बंद झाले. ज्या मेजावर ब्राह्मण आणि शूद्र एकत्र बसत, तेथे शेजारीच राहणाऱ्या अँग्लिकन स्नेह्यास जागा उरली नाही. जन्माची सीमा मोडणारे तत्त्वच श्रद्धेची सीमा अधिक काटेकोर करीत होते.

या सीमेचा परिणाम महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. १ जानेवारी १८०९ रोजी कलकत्त्यातील लाल बाजारात श्रीरामपूरकरांचे उपासनामंदिर उघडले. १८१२ साली अमेरिकन बोर्डाची पहिली तुकडी कलकत्त्यास आली, तेव्हा तिच्यातील अ‍ॅडोनिराम जडसन यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत पालटले. सप्टेंबरमध्ये वॉर्ड यांच्या हस्ते त्यांचा व त्यांच्या पत्नीचा याच मंदिरात बाप्तिस्मा झाला. ल्यूथर राइस यांनीही तोच मार्ग धरला. जडसन ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे मात्र आपल्या मतावर राहून १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला.

पुढे मालमत्ता व अधिकार यांवरून श्रीरामपूरकर आणि इंग्लंडमधील सोसायटी यांचा वाद विकोपास गेला. १८२७ साली दोघे विभक्त झाले. वॉर्ड १८२३ मध्येच वारले होते. केरी ९ जून १८३४ रोजी निधन पावले. डिसेंबर १८३७ मध्ये मार्शमन निवर्तले आणि त्याच वर्षी श्रीरामपूरचे कार्य पुन्हा सोसायटीत विलीन झाले. १८४५ साली खुद्द गावही डॅनिशांकडून इंग्रजांकडे गेले.

तात्पर्य, या मंडळीचे मोजमाप केवळ सभासदसंख्येने करता येणार नाही. ती संख्या लहानच होती, आणि जातिसंस्थेवर तिचा व्यापक आघात झाला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु समतेचे तत्त्व मेळाव्यापुरते वा गुप्त बैठकीपुरते न ठेवता ते जेवणात, विवाहात आणि अंत्ययात्रेत चारचौघांदेखत पाळणे म्हणजे काय, याचा एक आरंभीचा प्रयोग म्हणून तिचे महत्त्व आहे. छापखान्याने छापलेली पुस्तके ग्रंथालयांत जतन झाली आहेत. गोकुळांच्या शवपेटिकेस लागलेल्या चार खांद्यांची नोंदही इतिहासाने तितक्याच काळजीने जपावयास हवी.