हस्त बहार (लिंबू)

हस्त बहार हा कागदी लिंबाच्या तीन बहारांपैकी एक आहे. महाराष्ट्रात आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहाराची जून-जुलैत, तर हस्त बहाराची सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात.

थंड प्रदेशांत हिवाळ्यातील गारव्याने लिंबूवर्गीय झाडांची वाढ थांबते; कडाक्याच्या थंडीपासून वाचवण्यासाठी ती काचगृहात ठेवली जातात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात तेवढी थंडी नसल्याने पाणी तोडून झाडांना विश्रांती देतात. यास 'ताण देणे' म्हणतात. या काळात फांद्यांत अन्नसाठा होतो. पाने पिवळी पडून काही गळाल्यावर खते देऊन प्रथम आंबवणीचे हलके पाणी व काही दिवसांनी चिंबवणीचे पाणी दिले जाते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. अतिताणाने फांद्या वाळतात.

हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात, मागणी व भाव चढे असताना तयार होतात. मात्र हा बहार धरणे सर्वांत कठीण असते, कारण ताणाचा काळ पावसाळ्यात येतो आणि पाऊस ताण मोडतो. पुढे फळे पोसताना विहिरींचे पाणी कमी झालेले असते. श्रीगोंदा तालुका लिंबू उत्पादनासाठी प्रसिद्ध असून 'साई शरबती' हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केले आहे.